उजव्या हाताची पेटी

मिडी कीबोर्ड कंट्रोलरच्या पोटात आवाज नसतो. नवाकोरा कंट्रोलर यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून पट्टी दाबली तर प्लॅस्टिकचा टक् असा आवाज येतो, बस्स. बरेच जण इथेच दुकानदाराला फोन लावतात. यंत्र बिघडलेलं नसतं. पट्टी दाबल्याबरोबर त्याने एक निरोप धाडलेला असतो: चॅनल १, सूर क्रमांक ६०, वेग ८७. त्या निरोपाचं पुढे काय करायचं ते लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरने ठरवायचं. सॉफ्टवेअरच उघडलं नसेल तर निरोप ऐकायला पलीकडे कोणी नाही.

या लेखात मला त्या निरोपाची समीक्षा करायची आहे. हो, समीक्षाच, एखाद्या पुस्तकाची करतात तशी. त्यात काय सांगितलंय, काय गाळलंय आणि जे गाळलंय ते कोणाला महागात पडतं, हे बघायचं. माझ्या प्रबंधाचा विषय पेटीची संगत हा आहे, त्यामुळे तक्रारही पेटीवाल्याच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. पुस्तकात काहीही छापलेलं असो, आपण बोलताना पेटीच म्हणतो, म्हणून इथेही पेटीच.

आधी निरोपाचं कौतुक करू, कारण ते खरोखर करण्यासारखं आहे. १९८० च्या आसपास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपापल्या बोलीत बोलायचा. एकाच्या पट्ट्यांवरून दुसऱ्याचं यंत्र वाजवायचं म्हणजे मोठी खटपट. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांना चालेल अशी एक भाषा ठरवली, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या प्रदर्शनात या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रं केबलने जोडून एकमेकांकडून वाजवून दाखवली गेली. तेव्हापासून आजपर्यंत ती भाषा चालू आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा सिंथेसायझर आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो. तेवढ्या जुन्या फ्लॉपीतलं एखादं पत्र आज उघडून दाखवा बरं! काकेहाशी आणि स्मिथ यांना २०१३ मध्ये या कामासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं ते उगाच नाही.

हे टिकलं त्याचं एक कारण म्हणजे ही भाषा कमालीची काटकसरी आहे. मूळच्या गोल, पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जायचे. एक सूर लागल्याचा निरोप तीन बाइटांचा, म्हणजे जवळपास १ मिलिसेकंदात पोचणारा. प्रत्येक बाइटमध्ये ८ बिट, त्यातला पहिला 'हा हुकूम आहे की माहिती' एवढं सांगण्यात खर्च होतो. माहितीला उरतात ७ बिट. मिडीत सगळीकडे ० ते १२७ हेच आकडे का दिसतात याचं उत्तर एवढंच.

आता तो ८७ आकडा बघा. त्याला वेलॉसिटी म्हणतात, आणि हा शब्द बरोबर निवडलेला आहे. आपण किती जोर लावला हे कंट्रोलरला कळत नाही. पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक मिटतो, मग दुसरा. या दोहोंमधला वेळ मोजला जातो. वेळ कमी, म्हणजे पट्टी वेगाने गेली, म्हणजे आकडा मोठा. दुसरा बिंदू मिटला की निरोप निघाला. त्यानंतर बोट पट्टीवर कितीही वेळ असो, ते उचलल्याचा निरोप जाईपर्यंत मधे शांतता. काही महागड्या कंट्रोलरांत दाबून धरलेल्या पट्टीवरचा दाब मोजायची सोय असते, पण विद्यार्थी जे घेतात त्या स्वस्त यंत्रांत ती बहुधा नसते.

पियानोसाठी ही रचना अगदी चपखल आहे. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेकडे फेकली जाते आणि शेवटच्या टप्प्यात ती पट्टीपासून सुटलेली असते. हातोडी कोणत्या वेगाने आदळली यावर आवाज ठरतो. त्यानंतर वादकाच्या हातात उरतं ते फक्त सूर कधी तोडायचा आणि पायाशी पेडल किती दाबायचं एवढंच. म्हणजे कोणती पट्टी, कधी, किती वेगाने, कधी सुटली आणि पेडल कुठे होतं, हे लिहून ठेवलं की पियानोवादकाने वाद्याला काय केलं ते जवळजवळ सगळं लिहून झालं.

पेटीत हातोडी नाही. पट्टी म्हणजे नुसती खिडकी आहे. ती दाबली की खालचं भोक उघडतं, हवेला वाट मिळते आणि पितळेचा सूर थरथरायला लागतो. ती खिडकी जोरात उघडली काय की हळूच उघडली काय, आवाजाच्या लहानमोठेपणात काही फरक पडत नाही. घरी पेटी असेल तर आत्ता करून बघा: भाता एकसारखा ठेवा आणि एकच पट्टी आधी अलगद, मग दणकून दाबा. पट्टीची खटखट वाढेल, सूर तेवढाच राहील. आता पट्टी दाबून धरा आणि भाता बदला. सूर फुलेल, मिटेल, पुन्हा फुलेल. वाद्याचा जीव डाव्या हातात आहे.

म्हणजे कंट्रोलर ज्या एका गोष्टीची बारकाईने नोंद घेतो ती पेटीत निरर्थक आहे, आणि पेटीत जी गोष्ट सर्वात मोलाची तिला त्या निरोपात जागाच ठेवलेली नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, पण याचे परिणाम लांबवर जातात.

इथे कोणीतरी म्हणेल की पट्ट्यांच्या वाद्याबद्दलची आपली खरी तक्रार वेगळीच आहे: श्रुती आणि मींड. ती तक्रार जुनी आहे आणि तिला इतिहासही भारदस्त आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी १९१० च्या दशकात बावीस श्रुतींचा हिशेब मांडून तशी पेटी घडवायचा खटाटोप केला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं राहिली. आरोप तेच, की या वाद्यात सूर ठोकळ्यासारखे आहेत आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. शंभर वर्षांहून जास्त काळ सगळा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतोय: सूर किती उंचीवर?

आणि गंमत अशी की मिडीत हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. पेटीचा समान अंतरांचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो, तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार साधारण ३८६ वर. हे १४ सेंटांचं अंतर कानाला खुपतं. पण मिडीतल्या पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या आहेत, आणि नेहमीची वरखाली दोन अर्धस्वरांची मर्यादा धरली तर एक पायरी ०.०२५ सेंटाहूनही लहान पडते. प्रत्येक सुराची उंची वेगळी लावून देणारं प्रमाणही १९९० च्या दशकातच आलं. हवा तो गंधार मिळतो, फक्त सेटिंगच्या चार खिडक्या उघडाव्या लागतात. मींडेसाठी प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल देणारी एमपीई नावाची पद्धत २०१८ मध्ये अधिकृत झाली. तिच्यासाठीचे रबरी पट्ट्यांचे कंट्रोलर महाग असतात, पण असतात.

उंचीचा प्रश्न सुटत आला तरी हवेचा प्रश्न विचारलाही गेलेला नाही असं मला वाटतं. पेटीला मींड नाही हे तर तिच्या भक्तांनाही मान्य आहे. तरीही गोविंदराव टेंबे, मधुकर पेडणेकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची नावं आपण आदराने घेतो. आडात नसलेलं पोहऱ्यात कुठून आलं? थोडं बोटांतून: एक पट्टी सुटायच्या आत दुसरी उघडायची, मधल्या सुराचा निसटता कण लावायचा, की कानाला घसरल्याचा भास होतो. ही कारागिरी मिडी व्यवस्थित टिपतो, कारण तिथे सगळा खेळ कधी दाबली आणि कधी सोडली याचाच आहे. उरलेलं भात्यातून येतं. आणि ते मिडीत नाही.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे येतो, कारण ही समीक्षा वाचून तुम्ही कंट्रोलर माळ्यावर टाकावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

विकत घेताना पेटीवाल्याने ८८ पट्ट्यांच्या जड कंट्रोलरच्या मागे लागू नये. त्या पट्ट्यांना मुद्दाम पियानोच्या हातोडीचं वजन दिलेलं असतं. आपल्याला ते नकोच आहे. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्या पेटीला जवळच्या. पेटी साधारण साडेतीन सप्तकांची, त्यामुळे ४९ पट्ट्या पुरून उरतात. २५ पट्ट्यांचा छोटा घेतलात तर मंद्रात उतरताना दर वेळी बटण दाबून सप्तक बदलावं लागेल, आणि चालू तानेत ते कोण करणार?

आजचे बहुतेक कंट्रोलर यूएसबीला लावले की वेगळा ड्रायव्हर न मागता ओळखले जातात. मग सॉफ्टवेअरमध्ये जाऊन तीन गोष्टी सांगायच्या: निरोप कुठून घ्यायचा, कोणत्या ट्रॅकवर, आणि त्या ट्रॅकवर कोणतं वाद्य बसवलंय. आवाज येत नसेल तर दहातल्या नऊ वेळा यांपैकीच एक राहिलेलं असतं. ट्रॅक रेकॉर्डसाठी उघडा नसणं हे त्यातलं सगळ्यात नेहमीचं.

आवाज आला, पण बोटानंतर येतोय? तो बफरचा प्रश्न. लॅपटॉप आवाजाचे नमुने गोळा करून गठ्ठ्याने पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरायला २३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे आठ मीटर जातो. म्हणजे तुम्ही वाजवताय इथे आणि पेटी ठेवलीय दिवाणखान्याच्या पलीकडे, असं काहीसं. गठ्ठा २५६ वर आणला की हा हिस्सा ५.८ मिलिसेकंदांवर येतो आणि बहुतेकांना चालून जातो. विंडोजवर असाल तर आसिओ प्रकारचा ड्रायव्हर लागतो, नाहीतर हे आकडे नुसते कागदावर राहतात.

पट्टी ठरवायची बाब वेगळी सांगतो, कारण संशोधनात तिने बराच घोळ घातलेला आहे. 'पट्टी' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो, बोटाखालची पट्टी आणि गायकाची पट्टी. गायिका काळी चार म्हणते, गायक काळी एक. कसलेला वादक कोणत्याही पट्टीत वाजवतो. बाकीच्यांसाठी स्केलचेंजर पेटी निघाली, तिच्यात पट्ट्यांचा अख्खा संच सरकवता येतो. कंट्रोलरवरचं ट्रान्सपोज बटण हा तिचाच अवतार. फरक एवढा की बटण दाबल्यावर निरोपातला सूर क्रमांकच बदलतो. मागाहून ती फाइल उघडणाऱ्याला वादकाने खरोखर काळी चारमध्ये बोटं टाकली होती की पांढरी एकमध्ये वाजवून बटण दाबलं होतं, हे कळायला काहीही मार्ग नाही. बोटांची जुळवणी हा ज्याचा अभ्यासविषय आहे त्याला ती फाइल निरुपयोगी. म्हणून रेकॉर्ड करताना ट्रान्सपोज शून्यावर ठेवा आणि सूर सरकवायचाच असेल तर तो सॉफ्टवेअरच्या वाजवणाऱ्या टोकाला सरकवा. नोंद कोरी राहते. (मध्य सप्तकातल्या ६० नंबरच्या सुराला एक कंपनी सी ३ म्हणते, दुसरी सी ४. यावर भांडू नका, क्रमांकच लिहा.)

आता डावा हात. पहिलं काम म्हणजे वेलॉसिटी बंद करणं. बऱ्याच कंट्रोलरांत वेलॉसिटी कर्व्ह नावाची सेटिंग असते. तिच्यात 'फिक्स्ड' असा पर्याय शोधा. कसंही दाबलं तरी एकच आकडा जाईल. पियानो शिकलेल्या मित्रमैत्रिणींना हे सांगितलं की ते दचकतात, जणू मी कोणाचा गळा आवळायला सांगतोय. पण पेटीत हेच खरं आहे. बाजारात पेटीच्या आवाजाचे जे तयार संच मिळतात त्यांतल्या काहींत पट्टी दणकून दाबली की मोठा सूर आणि हळू दाबली की छोटा सूर लागतो. ऐकायला बरं वाटतं, पण ती पेटीचा मुखवटा घातलेला पियानो आहे. त्यावर सहा महिने रियाज केलेल्या मुलाच्या हाती खरी पेटी दिली तर त्याची उजवी बोटं उगाच आपटत राहतील आणि डावा हात रिकामा बसेल.

दुसरं काम भात्याला जागा देणं. मिडीत कंट्रोल चेंज नावाचे निरोप असतात, त्यांतला ११ क्रमांकाचा एक्स्प्रेशन, म्हणजे वाजत असलेल्या आवाजाला फुगवणं-ओसरवणं. हा निरोप एका चॅनलवरच्या सगळ्या सुरांना सारखाच लागू होतो. एमपीईवाले याला मिडीची मोठी उणीव मानतात: प्रत्येक सुराला वेगळा भाव का देता येऊ नये? सतारीसाठी त्यांचं बरोबर आहे. पण पेटीत भाता एकच असतो! सगळ्या उघड्या खिडक्या त्याच हवेवर जगतात. म्हणजे पेटीपुरतं बोलायचं तर १९८० च्या दशकातला हा जुना, स्वस्त निरोपच योग्य आहे आणि महागडी नवी पद्धत अनावश्यक. हे लक्षात आल्यावर मला स्वतःला बरं वाटलं, खिशाच्या दृष्टीनेही.

अडचण आहे ती हा निरोप पाठवायचा कशाने याची. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: पायाने दाबायचं एक्स्प्रेशन पेडल. ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्टुलावर बसलेला माणूस आहे. आपला पेटीवाला मांडी घालून बसतो. त्याचा पाय मांडीखाली दुमडलेला, तो पेडल कुठून दाबणार? मग उरतं डाव्या टोकाचं मॉड्युलेशन व्हील. ते सॉफ्टवेअरमधून ११ ला जोडता येतं (न जोडल्यास अनेक संचांत त्याने नुसता सुराला कंप येतो). डाव्या हाताला काम मिळतं, आणि सुरुवात म्हणून हे चांगलंच आहे. तरी हे चाक जिथे सोडाल तिथे थांबतं. भाता थांबत नाही. तो मारला की पोटातली हवा भरते, आणि खिडक्या उघड्या असल्या की गळते; जास्त खिडक्या, जास्त गळती. लांब आलापाला साथ करताना वादक ती गळती इतक्या बेमालूम भरून काढतो की ऐकणाऱ्याला सूर एकसंध वाटतो, आणि शिकाऊ माणसाचे धक्के मात्र लगेच ऐकू येतात.

मी सध्या वापरतोय तो उपाय सांगतो. पेटीला पिच बेंड लागत नाही, त्यामुळे ते दुसरं चाक मोकळं असतं; आणि त्याला स्प्रिंग असते, सोडलं की ते मधे परत येतं. भात्यालाही हेच करायचं असतं. म्हणून एक छोटा प्रोग्राम मधे बसवलाय: चाक ढकललं की एका काल्पनिक टाकीत हवा भरते, दर थोड्या मिलिसेकंदांनी ती गळते, जितक्या पट्ट्या दाबलेल्या तितकी गळती जास्त. टाकीत उरलेली हवा हाच ११ चा आकडा म्हणून पुढे जातो. १२८ पायऱ्या लांब सुरावर कधीकधी जिन्यासारख्या ऐकू येतात, तेव्हा ४३ क्रमांकाचा जोडनिरोप वापरून त्या १६,३८४ करता येतात, अर्थात तुमचं सॉफ्टवेअर तो ऐकत असेल तर. हा काही भाता नव्हे. चाकाला अंगठ्याएवढा प्रवास आहे आणि भात्याला मनगटापासून खांद्यापर्यंतचा. पण डावा हात विसरायचा नाही एवढं तरी हातून होतं.

आता हे सगळं प्रबंधाचा विषय का व्हावं? तर संगणकाला संगीत शिकवायचं तर उदाहरणं लागतात, आणि चांगली उदाहरणं मिडीत आहेत. मेस्ट्रो नावाचा एक प्रसिद्ध संग्रह २०१८ मध्ये गूगलच्या मजेंटा गटाने खुला केला: सुमारे २०० तासांचं पियानोवादन, आवाज आणि मिडी दोन्ही काही मिलिसेकंदांच्या अचूकतेने जुळवलेले. पियानोच्या संशोधनाला त्याने मोठी चालना दिली आणि ते रास्तच होतं, कारण मघाशी म्हटलं तसं पियानोसाठी हा निरोप जवळजवळ पूर्ण आहे. मग त्याच साच्यात इतर वाद्यं भरली जातात: प्रत्येक सुरासाठी चार रकाने, उंची, सुरुवात, लांबी, वेलॉसिटी. साचा तयार आहे, त्यावर चालणारे प्रोग्रामही तयार आहेत. पेटीचा अभ्यास करायचा? वादकाला बोलवा, कंट्रोलर पुढे ठेवा, तासाभरात स्वच्छ फाइल तयार.

स्वच्छ आहे, पण ती अर्ध्या वादकाची आहे. आणि संगतीत हे अर्धं नसणं फार बोचतं. संगत म्हणजे नेमकं काय करतात बघा. गायक गात असताना पेटी त्याच्या पाठोपाठ, किंचित मागून, दबत्या आवाजात जाते. गायकाने श्वास घेतला की त्या फटीत ती पुढे येते, त्याचीच ओळ उचलून परत करते, आणि त्याने तोंड उघडायच्या आत पुन्हा मागे सरते. 'पुढे येणं' आणि 'मागे सरणं' यांतला मोठा वाटा भात्याचा आहे. चार रकान्यांची फाइल उघडली तर दोन्ही ठिकाणी तेच सूर, तीच लांबी, आणि वेलॉसिटीच्या रकान्यात बोटं कशी पडली याचे योगायोगाने आलेले आकडे. या फाइलींवर शिकलेला प्रोग्राम उद्या साथीचं ॲप म्हणून तुमच्या फोनमध्ये आला तर तो गायकाचे सूर बरोबर ओळखेल, बरोबर वाजवेल आणि सबंध वेळ गायकाच्या डोक्यावर बसून वाजवेल. संगतकाराला मैफलीतून उठवायला एवढं एक दुर्गुण पुरतो.

यावर मला मिळणारं उत्तर असतं की मिडी २.० आलंय ना. आलंय, २०२० मध्ये. वेलॉसिटीला १६ बिट, कंट्रोल निरोपांना ३२ बिट, प्रत्येक सुराला स्वतंत्र निरोप. सगळं उत्तम. पण माझी तक्रार आकडे भरड असल्याची नव्हतीच. डाव्या हाताने काय केलं हे विचारणारी वस्तूच पट्ट्यांच्या शेजारी नाही, तर तिच्या उत्तराला ३२ बिट ठेवले काय आणि ७ ठेवले काय.

खऱ्या पेटीवरून नोंद घेणं हा दुसरा रस्ता, आणि तोही सोपा नाही. भात्यामागच्या हवेचा दाब मोजायला पेटीच्या पोटात सेन्सर बसवावा लागेल. आपल्या पेटीला भोक पाडू देईल असा वादक मला भेटलेला नाही आणि भेटावा अशी इच्छाही नाही. त्यामुळे मी भात्याच्या बाहेर, पंख्यासमोर, अंतर मोजणारा छोटा सेन्सर ठेवतो. त्यातून भाता किती उघडला-मिटला ते कळतं, आतला दाब कळत नाही. तो आवाजाच्या नोंदीवरून अंदाजाने काढावा लागतो. पट्ट्यांसाठी वरून कॅमेरा. म्हणजे एका वादनाच्या तीन ओळी: बोटं, भाता, आवाज. बोटांची ओळ मिडीत सहज बसते. भात्याची ओळ मी ११ क्रमांकाच्या निरोपात, पण वेगळ्या ट्रॅकवर ठेवतो, म्हणजे ज्याला ती नको त्याला बंद करता येईल आणि ती मुळात होती हे मात्र दिसत राहील.

तुम्ही घरी कंट्रोलरवर पेटी वाजवून फाइल जपून ठेवत असाल तर तिच्या नावातच चार गोष्टी घाला: गायकाची पट्टी, ट्रान्सपोज शून्य होतं की नव्हतं, वेलॉसिटी फिक्स्ड होती की नव्हती, आणि डाव्या हाताने काय हलवलं. चौथ्या जागी 'काही नाही' लिहायची वेळ आली तर तसं लिहा. माझ्यासारख्या माणसाला पुढे ती फाइल मिळाली तर वेलॉसिटीच्या रकान्यात तो भाता शोधत बसणार नाही.